आमचा भोंगा मठात गेला

फादर म्हणाले, आजी, आपल्या चर्चच्या अंकात या वेळी पाचारणावर लिहायचं आहे. कितीतरी वर्षांनी आपल्यातली एक मुलगी धर्मभगिनी व्हायला निघाली, तर तिच्याबद्दल घरच्या माणसानंच लिहावं. मी म्हटलं, फादर, मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंत. पुढची पाटी कोणी आणली नाही. ते म्हणाले, बोलता तसंच लिहा. मी बोलायला लागले की आमच्या घरातली माणसं उठून कामाला लागतात, हे फादरांना माहीत नसावं.

पाचारण म्हणजे देवानं माणसाला हाक मारणं. ती कशी ऐकू येते ते मला ठाऊक नाही. मला कधी आली नाही, आणि आता या वयात आली तर ती वेगळ्याच कामाची असेल. पण आमची नात हाक कशी मारते ते मी सांगू शकते, आणि गोष्ट खरं तर तिथूनच सुरू होते.

आमची बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भट्टी आणि मधे एक बोळ. बोळ एवढा अरुंद की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे फिरायचं, नाहीतर दोघांनी लग्न करायचं, असं आमचे हे म्हणायचे. बेकरी त्यांनीच काढली. सुरुवातीला एकदा भट्टीतून काढलेला पत्रा खांद्यावर घेऊन ते वळले आणि पुढे उभ्या असलेल्या कामगाराची मान भाजली. त्या दिवसापासून नियम झाला. गरम पत्रा उचलला की ओरडायचं, "मागे गरम!" पुढे जो असेल त्यानं वळून बघायचं नाही, बघायला गेलं की तोंड भाजतं. उजव्या भिंतीला पाठ लावायची, हात पोटाशी घ्यायचे आणि ओरडायचं, "मोकळं!" मोकळं ऐकू आल्याशिवाय पत्रा पुढे न्यायचा नाही. हाक दिली नाही तर चूक पत्रा नेणाऱ्याची, जबाब दिला नाही तर चूक उभ्याची. आमच्या घरचा कायदा एवढाच, पण तो आम्ही कुठेही पाळतो. माझी सून नवी नवरी होऊन आली तेव्हा मी चहाची किटली घेऊन तिच्या मागून गेले आणि सवयीनं ओरडले. ती बिचारी पलंगावर चढली.

नात या बोळातच रांगायला शिकली. मूल आधी आई म्हणालं की बाबा, यावरून घरोघरी वाद होतात. आमच्याकडे झाला नाही, कारण ती आधी "मोकळं" म्हणाली. आवाज म्हणाल तर विचारू नका. शाळेच्या मैदानात प्रार्थना सांगायला उभी राहिली की माइक बंद करायला लागायचा. शेजारच्या शिंप्यानं तिचं नाव भोंगा ठेवलं. तो म्हणायचा, "हिला जरा झाकून ठेवा हो, माझ्या सुईत दोरा जात नाही." ती दुकानातून उत्तर द्यायची, "चष्मा पुसा काका, मग जाईल!" आणि पलीकडच्या टायरवाल्याच्या दुकानातून हसू ऐकू यायचं.

शाळा संपल्यावर ती भट्टीवर उभी राहिली. माझ्या मुलाला ती एकटीच. बापलेक शेजारी उभे राहिले की बघत राहावं. तो लांब दांड्याची फळी भट्टीत सारायचा, ती पत्रा धरायची, दोघं एकमेकांकडे न बघता काम करायचे. कणकेला बोट लावून ती सांगायची, "बाबा, अजून झोपलीय." तो म्हणायचा, "मग तू नको ओरडूस, उठेल." कामगार सोडून जायचे, यायचे; माझ्या मुलाला कशाची फिकीर नव्हती. बेकरी कोणाची होणार हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायचं त्यात काय, असं त्याला वाटत होतं.

टायरवाल्याचा मोठा मुलगा तिच्यावर भाळला होता. चांगला मुलगा, पाव नको असतानाही पाव न्यायचा. तिनं त्याला समोर बसवून सांगितलं, "तुला बोलणारी बायको हवीय, ओरडणारी नको," आणि स्वतःच्या मैत्रिणीशी त्याचं जमवून दिलं. लग्नात सगळ्यांत जास्त नाचली तीच. सुनेला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ती पातळं बघण्यात गुंतली होती.

वरच्या चढावर सिस्टरांचा मठ आहे. ज्यांचं कोणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांना त्या सांभाळतात. तिथला पाव आमच्याकडून जातो. नात सायकलच्या मागे क्रेट बांधून घेऊन जायची. आधी पाव टाकून परत यायची, मग चहा पिऊन यायला लागली, मग दुपार तिथेच काढायला लागली. माझा मुलगा विचारायचा, "तू पाव पोचवायला जातेस की पेरायला?"

तिथे एक ठार बहिरे आजोबा होते, पूर्वी कुठल्याशा गिरणीत यंत्रावर होते. यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. सिस्टर त्यांच्याशी खुणांनी बोलायच्या. पहिल्या दिवशी आमच्या नातीनं दारातूनच हाक दिली, "पाव आलाय!" आणि आजोबांनी मान वर केली. म्हणाले, "कोण बोललं?" तेव्हापासून ती रोज त्यांच्याजवळ बसून गावभरच्या बातम्या सांगायची. सगळा मठ त्या ऐकायचा, नाइलाजच होता.

मग आजोबांचं शेवटचं आलं. भर दुपारची वेळ, सिस्टर भोवती उभ्या राहून प्रार्थना म्हणत होत्या, आणि आजोबा छताकडे बघत घाबरेघुबरे झालेले. त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं. नात क्रेट घेऊन आली ती तशीच आत गेली, वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली, बोळात ओरडते त्या आवाजात. आजोबांचे ओठ हलायला लागले. ते तिच्या मागून एक एक शब्द म्हणत गेले, आणि म्हणता म्हणता गेले.

घरी आली तेव्हा ती काही बोलली नाही. पत्रे घासत बसली. शिंपी दोनदा डोकावून गेला, म्हणाला, "आजी, भोंगा बिघडला का?" मी म्हटलं, "नाही रे, तेल घातलंय."

त्यानंतर बरेच दिवस ती विचारात होती. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं जेवायला बसलो असताना तिनं सांगितलं, "बाबा, मला सिस्टर व्हायचंय. वरच्याच मठात. मी मदरशी बोललेय."

मुलगा आधी हसला. "तू? तिथे जेवतानासुद्धा बोलत नाहीत म्हणे. तुझी पोळी घशात अडकेल."

"शिकेन की."

"तुला दोन आठवडे ठेवणार नाहीत. कान दुखायला लागले की पाठवतील परत."

"पाठवलं तर येईन. पण मी परत यायला जात नाहीये, बाबा."

तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं घास ताटात ठेवला. "आणि फळी कोणाच्या हातात द्यायची मी?" एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला. सून रडायला लागली, आणि रडता रडताच विचारू लागली की मठात थंडीत पायमोजे घालू देतात का. माझं काय विचाराल तर मी खाली मान घालून जेवत होते. मान वर केली असती तर पोरानं माझं तोंड बघितलं असतं, आणि माझ्या तोंडावर काय होतं ते त्याला त्या वेळी सोसलं नसतं. माझी छाती फुगली होती, दुसरं काय!

आमच्याकडे घरातून कोणी लांब निघालं की वडील त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतात. नात सहलीला गेली, परीक्षेला गेली, दात काढायला गेली, तरी माझ्या मुलानं काढला होता. मठात जायच्या दिवशी ती पिशवी घेऊन भट्टीपाशी गेली आणि कपाळ पुढे करून उभी राहिली. तो कणीक मळत होता. मळतच राहिला. म्हणाला, "तो परत येणाऱ्यांसाठी असतो. जा तू. मी अडवत नाही."

ती म्हणाली, "मी तो मागून घेणार नाही बाबा, तुम्ही द्याल तेव्हाच घेईन. थांबते मी." आणि गेली. सायकल ठेवून, चालत.

मदरनी तिला वर्षभर नुसतं राहून बघायला सांगितलं होतं. मग पटलं दोन्ही बाजूंना, तर सिस्टरांचा पांढरा झगा. भेटीच्या रविवारी सून आणि मी वर जायचो. मुलगा यायचा नाही, पण आम्ही परतलो की पुसलेलं टेबल पुन्हा पुसत विचारायचा, "काय म्हणतायत? वैतागल्या का तिला?"

वैतागाव्यात असं घडलंच एकदा. मोठ्या प्रार्थनेची वेळ होती. मुख्य मठातून पाहुण्या आल्या होत्या, त्यांच्या मदरच्याही वरच्या. सगळ्या सिस्टर रांगेनं, मान खाली घालून चॅपलमध्ये निघालेल्या, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आमच्या नातीकडे धुपाचे निखारे आणायचं काम दिलेलं. तिनं निखाऱ्यांचं भांडं उचललं, रांगेच्या मागे आली, हाताला धग लागली, पुढे अरुंद वाट आणि माणसांच्या पाठी दिसल्या. पुढचं तिच्या हातात नव्हतं. चॅपलभर आवाज घुमला: "मागे गरम!"

एका सिस्टरच्या हातून पुस्तक पडलं. एक म्हाताऱ्या सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, त्यांना वाटलं शेवटचा दिवस आला. पाहुण्या बाई वळल्या. आणि आमची शहाणी अजून जबाबाची वाट बघत तिथेच उभी! मोकळं कोणी म्हणेना, त्यामुळे पुढे जाता येईना.

पुढच्या रविवारी तिनं आम्हाला हे सांगितलं तेव्हा ती एका डोळ्यानं हसत होती आणि एका डोळ्यानं रडत होती. "आजी, मदरनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, हे काय होतं? मी सगळं सांगितलं, आपल्या आजोबांनी बेकरीत केलेला नियम, बोळ, पत्रा, सगळं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू. मदर जास्त बोलत नाहीत ना."

सुनेनं हे घरी सांगितलं. माझ्या मुलाचा चेहरा असा उजळला की मला त्याचा रागही येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं नातीचा जुना एप्रन शोधून काढला, आपल्या हातानं धुतला, वाळवला आणि भट्टीजवळच्या तिच्या खुंटीला लावला. कोणी विचारलं नसताना म्हणाला, "असू दे. कामाला येईल." रोज येता-जाता त्याची घडी सारखी करायचा.

असे आठवडे गेले. मग एक दिवस दुकानात गिऱ्हाइकांच्या रांगेत मदर स्वतः उभ्या. बाकीचे त्यांना पुढे जा म्हणत होते, त्या नको म्हणत होत्या. पाळी आल्यावर माझ्या मुलाला म्हणाल्या, "येत्या महिन्यात, पहिल्या रविवारी तिला झगा देतोय. तुम्हाला स्वतः सांगावं म्हणून आले."

त्यानं विचारलं, "ओरडली तरी ठेवलीत?"

"आवाजासाठी परत पाठवायचं तर मग शिंकते म्हणून मला आधी घालवतील. माझी शिंक तुम्ही ऐकली नाही." त्या अजिबात हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी पाहुणे असतील. पाव तुमच्याकडचाच लागेल, दुपारच्या जेवणाला गरम."

"रविवारी दुकान बंद असतं."

"दुकान बंद असतं," मदर म्हणाल्या, "भट्टीचं मी विचारलं नाही." आणि मठाचा रोजचा पाव घेऊन चढाला लागल्या. त्या दिवशी माझ्या लेकानं कोणाला सुटे परत दिले नाहीत, कोणाला दोनदा दिले.

दुपारी तो भट्टीच्या तोंडाशी बसला होता. मी जवळ स्टूल ओढलं. "येशील ना?"

"आई, मला लॉरीवर ड्रायव्हर म्हणून जायचं होतं. आठवतं? मला सोडलं होतं का कोणी?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर तुला ठाऊक आहे, मन मारून राहणं काय असतं ते."

तो उठून भट्टीतली राख ओढायला लागला. 

झगा द्यायच्या दिवशी सून आणि मी पुढच्या बाकावर बसलो. माझ्या बाजूची जागा मी पर्स ठेवून धरली होती. शिंपी आला, टायरवाल्याकडचे सगळे आले, तो मोठा मुलगा बायकोला घेऊन आला. पर्स तिथेच राहिली. नात आत आली तेव्हा तिची नजर त्या पर्सवरून फिरली आणि पुढे गेली. मदरनी विचारलं, "मुली, तू काय मागतेस?" ती म्हणाली, "देवाची दया, आणि या घरात राहून सेवा शिकायची परवानगी." हळू बोलायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला असणार. खिडकीची काच वाजलीच. शिंपी माझ्या कानात म्हणाला, "आजी, दुरुस्त झाला." आम्ही दोघंही डोळे पुसत होतो.

पांढरा झगा, पांढरा शिरवस्त्राचा पदर. माझ्या हातांनी न्हाऊ घातलेली पोर, आणि मला तिला हात लावायला संकोच वाटला, एवढी ती चांगली दिसत होती.

जेवणाच्या खोलीकडे स्वयंपाकघरामधूनच जावं लागतं, आणि तिथेही एक बोळ आहे, आमच्यासारखाच. सिस्टर हातांत ताटं घेऊन रांगेनं त्यात उभ्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, वाकलेल्या, तरण्या. सगळ्यांच्या पुढे आमची नवी सिस्टर, त्यांच्या शेवटाला मदर आणि आम्ही. तेवढ्यात मागचं दार लाथेनं उघडल्याचा आवाज झाला, आणि त्या दारातून मी जन्मभर ऐकलेला आवाज आला:

"मागे गरम!"

मी भिंतीला पाठ लावली. मी लावणारच. पण माझ्याबरोबर सगळा बोळ हलला. एकही सिस्टर वळली नाही. सगळ्यांच्या सगळ्या उजव्या भिंतीला टेकल्या, ताटं पोटाशी धरली, मदरसुद्धा, आणि सगळ्यांनी एका सुरात जबाब दिला:

"मोकळं!"

माझा मुलगा खांद्यावर पत्रा घेऊन दारातच खिळला. वाट मोकळी होती, त्याचे पाय हलेनात. "ह्यांना... ह्यांना कोणी शिकवलं?"

रांगेतल्या स्वयंपाक बघणाऱ्या सिस्टरनी बाही वर केली. कोपरापर्यंत जुना भाजल्याचा डाग होता. "तुमच्या लेकीनं. मी उकळत्या सारानं भाजले होते. चॅपलमध्ये ती ओरडली, त्यानंतर काही दिवसांनी मदरनी तिला सांगितलं, चॅपलमध्ये नको, स्वयंपाकघरात सगळ्यांना शिकव. तेव्हापासून इथे कोणी भाजलं नाही."

"बघू म्हणजे हे होय!" सून म्हणाली.

मदर भिंतीला टेकूनच म्हणाल्या, "बेकरीवाले, पत्रा गार होतोय."

मग तो चालायला लागला. दोन्ही बाजूंना न बघता, पाठ ताठ करून, आमच्या ह्यांच्यासारखा. रांग संपली तिथे त्यानं पत्रा टेबलावर ठेवला. पावांवर झाकायला काय घातलं होतं? खुंटीवरचा तो एप्रन. नातीनं तो ओळखला. तो म्हणाला, "दुसरं फडकं सापडलं नाही. राहू दे इथेच, तुला लागेल."

मग त्यानं हात विजारीला पुसले आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं कपाळ पुढे केलं. शिरवस्त्राची कडा आड येत होती, ती त्यानं मनगटानं जराशी वर सारली. "पीठ लागेल," तो म्हणाला.

"लागू दे बाबा. पांढऱ्यावर दिसत नाही."

त्यानं क्रूस काढला. सावकाश काढला, जसा पहिल्यांदाच काढत असावा. मग सगळ्या सिस्टरांकडे वळून म्हणाला, "आता गरम आहे तोवर खा की!" आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

बेकरी चालू आहे. शिंप्याची धाकटी बहीण सकाळची कामाला येते. हात हलका आहे तिचा, कणीक कळते. पण आवाज बारीक, मांजराच्या पिलासारखा. माझा मुलगा तिला बोळाच्या एका टोकाला उभी करतो, स्वतः दुसऱ्या टोकाला जातो आणि सांगतो, "पुन्हा. अजून मोठ्यानं. आमची सिस्टर तिकडे चढावर हाक देते ती मला इथे ऐकू येते." तसं ऐकू येत नाही, केवढा चढ आहे तो. पण काल दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्यानं मला विचारलं, "आई, ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं की."

आणि भिंतीला पाठ लावली.